घरातल्या कर्त्या माणसाची वाचा गेली तर…



माझ्याकडून तुम्हाला बियाणे, खत आणि फवारणी यांच्याच गोष्टी ऐकण्याची सवय आहे. मी कृषी पदवीधर. विस्तार अधिकारी म्हणून नोकरीची बहुतेक वर्षे नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतले बांध तुडवण्यात गेली. आज मात्र पिकाविषयी लिहीत नाही, माणसाच्या बोलण्याविषयी लिहितो आहे.

लेकरू उशिरा बोलू लागले तर आपण काळजी करतो. आजी वेखंड उगाळते, कुणी नवस बोलते, हल्ली डॉक्टरकडेही नेतात. पण पन्नाशी-साठीच्या माणसाची वाचा गेली तर घर काय म्हणते? "आता वय झालं. जे झालं ते झालं. बसू द्या ओसरीवर." इथेच आपली मोठी चूक होते. मोठ्या माणसाचे बोलणेही उपचाराने सुधारते. त्यासाठी खास शिक्षण घेतलेले तज्ज्ञ असतात. त्यांना वाचा उपचार तज्ज्ञ म्हणतात, शहरात स्पीच थेरपिस्ट म्हणतात. त्यांनी शिकवलेला सराव घरच्या माणसांना रोजची कामे करता करता घेता येतो.

हे शहाणपण मला पुस्तकातून आले नाही. घरातच ठेच लागली, तेव्हा आले. ती ठेच आधी सांगतो.

एका शब्दाने केलेला घोटाळा

माझे थोरले बंधू कंधार तालुक्यात आमच्या गावी शेती पाहतात. मी त्यांना दादा म्हणतो. काही वर्षांपूर्वी दिवाळी झाल्यावर एका पहाटे ते गोठ्यात पडले. उजवा हात, उजवा पाय लुळा आणि वाचा बंद. गावाच्या भाषेत लकवा मारला, म्हणजेच अर्धांगवायूचा झटका आला. दवाखाना झाला, जीव वाचला, महिन्याभरात काठी टेकून चालू लागले. बोलणे मात्र आले नाही. एकच शब्द तेवढा तोंडात उरला होता. "बरं."

पाणी हवे असले तरी "बरं". राग आला तरी "बरं, बरं". कुणी भेटायला आले, "काय दादा, कसं हाय?" विचारले, तर "बरं". पाहुणा समाधानाने निघून जाई.

मार्गशीर्षात माळेगावची यात्रा आली. दवाखान्याचे देणे झाले होते. पुतणे म्हणाले, बैलजोडी विकू. लाल कंधारी जोडी, दादांनी वासरापासून वाढवलेली. मी त्या दिवशी घरी होतो. पुतण्यांनी विचारले, "अप्पा, बैलं विकावं म्हणायलोत, विकू का?" दादा म्हणाले, "बरं, बरं, बरं." आवाज थोडा मोठा होता, एवढेच. मीच पुतण्यांना म्हणालो, "होकार मिळाला, जा घेऊन." बैल गेले. दादा दोन दिवस जेवले नाहीत. आम्ही म्हणालो, आजाराने भूक गेली.

जूनमध्ये एक सर आली. शेजाऱ्यांनी तिफणी धरल्या. पुतण्यांनी विचारले, "पेरावं का अप्पा?" दादा "बरं, बरं" म्हणत होते आणि डाव्या हाताने ढेकूळ उचलून, फोडून, पुन्हा पुन्हा दाखवत होते. पोरांना वाटले, अप्पा खूश आहेत. सोयाबीन पेरले. पाऊस तीन आठवडे दडी मारून बसला. अर्धे बी उगवलेच नाही, उगवले ते करपले. दुबार पेरणी करावी लागली. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असे गावोगाव सांगत फिरणारा मी. माझ्याच घरात तेच सांगणारा माणूस ढेकूळ हातात घेऊन उभा होता आणि त्याचे कुणाला कळले नाही.

वाचा जाते म्हणजे नेमके काय होते?

पॅरिसमधल्या एका रुग्णालयात अनेक वर्षे एक माणूस होता. त्याला काहीही विचारले की तो "तां, तां" एवढेच म्हणे. समजत मात्र त्याला पुष्कळ होते. १८६१ साली तो वारला, तेव्हा पॉल ब्रोका नावाच्या डॉक्टरांनी त्याचा मेंदू तपासला. मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात, बिघाड दिसला. बोलणे जुळवण्याचे काम मेंदूच्या डाव्या भागात चालते, हे तेव्हापासून वैद्यकशास्त्रात पक्के होत गेले. आमच्या दादांचे "बरं" हे त्या माणसाच्या "तां"चेच भावंड होते. तो होकार नव्हता. शोधलेला शब्द सापडत नाही, तेव्हा जो हाताला लागेल तो बाहेर पडतो.

आपल्या शरीराची उजवी बाजू मेंदूचा डावा भाग चालवतो. म्हणून उजवे अंग लुळे पडले की बोलणेही जाण्याचा धोका अधिक. अर्धांगवायू झालेल्या दर तीन माणसांत साधारण एकाला सुरुवातीला हा त्रास होतो. डॉक्टर याला अफेजिया म्हणतात, मराठीत वाचाघात.

आपल्या विहिरीचे उदाहरण घ्या. विहिरीला पाणी आहे, पण मोटारीचा स्टार्टर बिघडला. पाणी वर येत नाही म्हणून विहीर आटली असे तुम्ही म्हणाल काय? वाचाघात झालेल्या माणसाचे ज्ञान, आठवणी, माया, राग, व्यवहार हे सारे बहुधा जागेवर असते, शब्द मात्र वर येत नाहीत. दुसरा एक प्रकार असतो. स्टार्टर ठीक, मोटार ठीक, पण पाइपात दाब नाही. म्हणजे शब्द सुचतात, पण जीभ, ओठ, घसा यांचे स्नायू दुबळे पडल्याने बोलणे जड, लडबडते येते. या दोन्हींचे उपचार वेगवेगळे आहेत, म्हणून आधी तपासणी हवी.

तिसरा प्रकार घरच्यांना फार फसवतो. माणूस भराभर बोलतो, सूर ठीक, पण शब्द भलतेच, कधी अर्थ नसलेले. समोरच्याचे बोलणेही त्याला नीट उमगत नाही. घर म्हणते, "डोकं फिरलं" किंवा "बाहेरचं काहीतरी लागलं". मग गंडेदोरे सुरू होतात. बोलणे असे एकाएकी बिघडले तर तोही मेंदूच्या झटक्याचाच प्रकार असू शकतो. त्याला मांत्रिक नको, दवाखाना हवा.

हरिपाठात सापडलेला धागा

त्या वर्षी श्रावणात मी गावी गेलो होतो. संध्याकाळी मारुतीच्या देवळात हरिपाठ चालू होता. दादा खांबाला टेकून बसले होते. मी सहज पाहिले तर त्यांचे ओठ हलत होते. जवळ सरकून ऐकले. अभंगाचे शब्द, एकामागून एक, बऱ्यापैकी स्पष्ट! ज्या माणसाला नऊ महिने पाणी मागता येत नव्हते, तो सगळ्यांबरोबर म्हणत होता. पुतण्या म्हणाला, "काका, देवाची कृपा." मलाही तसेच वाटले.

नांदेडच्या एका ओळखीच्या डॉक्टरांना हे सांगितले. ते म्हणाले, "असं पुष्कळांचं होतं. गाणं, पाठांतर, आकडे, शिव्यासुद्धा वेगळ्या वाटेनं येतात. तुम्ही त्यांना वाचा उपचाराला का नेलं नाही?" नऊ महिन्यांत हा प्रश्न आम्हाला कुणी विचारला नव्हता आणि आम्हीही कुणाला विचारला नव्हता.

त्यांनी एका तज्ज्ञ बाईंकडे पाठवले. बाईंनी टेबलावर चावी, चमचा, काडेपेटी आणि पेन ठेवले. "चावी उचला." दादांनी उचलली. "चमचा पेनाजवळ ठेवा." ठेवला. दोन-तीन गोष्टी एकदम सांगितल्या तेव्हा जरा गोंधळले, इतकेच. मग बाईंनी मुद्दाम विचारले, "तुमचं गाव मुंबई का?" दादा म्हणाले, "बरं." पण मान मात्र जोरात नकारार्थी हलली. बाई आमच्याकडे वळून म्हणाल्या, "यांचं 'बरं' ऐकू नका. मान बघा, हात बघा, डोळे बघा. यांना जवळजवळ सगळं समजतंय."

पुतण्यांनी खाली पाहिले. मला माळेगाव आठवले.

उपचार कसा चालतो?

यात शस्त्रक्रिया नाही, सुई नाही, महागडे औषध नाही. सराव आहे. सुरुवात जे येते तिथून होते. बाईंनी दादांकडून एक ते दहा आकडे म्हणवून घेतले. मग वार, मग चैत्र-वैशाख. ते म्हणता म्हणता मध्येच थांबायचे आणि पुढचा शब्द दादांनी भरायचा. नंतर वाक्ये. "तहान लागली, तांब्याभर…" आणि दादांच्या तोंडून "पाणी".

शब्द अडला तर पहिले अक्षर ओठांनी दाखवायचे. "पा…" एवढे पाहिले की पुढचे येई. विळा, खुरपे, तांब्या, कंदील अशा घरातल्याच वस्तू समोर ठेवून त्यांची नावे घ्यायची.

हरिपाठाचाही उपयोग झाला. लहान वाक्य चालीवर म्हणायचे आणि डाव्या हाताने ठेका धरायचा. "पा-णी-दे." "भूक-ला-गली." आधी दोघांनी मिळून, मग एकट्याने, मग हळूहळू चाल काढून टाकून साधे बोलायचे. ही रीत १९७०च्या दशकात अमेरिकेत बॉस्टन येथे बसवली गेली. आमच्या दादांना ती लगेच जमली, कारण टाळ आणि ठेका जन्माचा सोबती. सगळ्यांनाच ती लागू पडते असे नाही. ज्यांना समजते पण बोलता येत नाही, अशांना तिचा उपयोग अधिक.

सुधारणा पहिल्या काही महिन्यांत वेगाने होते, म्हणून प्रकृती स्थिर होताच उपचार सुरू झालेले उत्तम. पण वर्ष उलटले म्हणून दार बंद होत नाही. दादांचा उपचार सुरू झाला तेव्हा दहा महिने होऊन गेले होते, तरी फरक पडला. पूर्वीसारखे अस्खलित बोलणे प्रत्येकाला येईलच, असे मात्र कुणी सांगू शकत नाही. मेंदूला इजा किती आणि कुठे झाली यावर ते अवलंबून असते. काहींना थोडे शब्द, खुणा आणि चित्रांची वही यांवरच व्यवहार करावा लागतो. तोही मोठाच लाभ आहे. आपले म्हणणे घरात पोचते, यापरते माणसाला दुसरे काय हवे?

घरी काय करावे?

आमच्या वहिनी शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या. बाईंनी शिकवले ते त्यांनी तुरी निवडताना, भाकरी थापताना करून घेतले. त्यांच्या अनुभवातून आणि बाईंच्या सूचनांतून ही यादी करतो आहे. कापून भिंतीवर लावलीत तरी चालेल.

१. बोलताना समोर, डोळ्यांसमोर बसा. टीव्ही, रेडिओ, गिरणीचा आवाज बंद किंवा दूर असावा.

२. माणूस बहिरा नाही, तेव्हा ओरडू नका. लहान लेकराशी बोलतो तसेही बोलू नका. साधी, छोटी वाक्ये, थोडी सावकाश.

३. एका वेळी एकच प्रश्न. "चहा घ्यायचा का?" मग थांबा. मनात दहा आकडे मोजा. उत्तर यायला वेळ लागतो.

४. शब्द तोंडातून काढून घेऊ नका. आधी वाट पाहा, मग पहिले अक्षर सुचवा, मग गरज पडली तरच पूर्ण शब्द सांगा.

५. होकार-नकाराची खूण पक्की करा. अंगठा वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही, किंवा तुम्हाला जमेल ती. महत्त्वाची गोष्ट उलटसुलट दोनदा विचारा. "बैल विकायचे?" आणि थोड्या वेळाने "बैल ठेवायचे?" दोन्हीला "बरं" आले, तर ते उत्तर धरू नका.

६. एक वही करा. घरातल्या माणसांचे फोटो, ताट, तांब्या, शेत, दवाखाना, दुखणारा भाग, पैसे यांची चित्रे चिकटवा. बोट ठेवता आले की अर्धे काम होते.

७. सराव थोडा पण रोज. पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून दोन-तीन वेळा. थकवा दिसला की थांबा.

८. कसेही तोडकेमोडके बोलले तरी हसू नका आणि दर शब्दाला दुरुस्त करू नका. म्हणणे कळले की पुढे चला.

९. पाहुणे आले की त्यांना त्यांच्यात बसवा. त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी तिऱ्हाइतासारखे बोलू नका.

१०. शेतीच्या, लग्नकार्याच्या, देण्याघेण्याच्या गोष्टीत त्यांना विचारा. सही किंवा अंगठा घेण्याआधी कागदात काय आहे ते समजले का, याची खात्री करा. हे न्यायाचेही आहे आणि धर्माचेही.

पहिल्या तासांतली घाई

चेहरा एका बाजूला वाकडा होणे, एक हात खाली पडणे, बोलणे एकाएकी लडबडणे किंवा बंद होणे ही अर्धांगवायूची लक्षणे आहेत. असे दिसताच १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते आणि तेही मेंदूचा स्कॅन करून. म्हणून स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे लागते. लक्षणे कधी सुरू झाली ती वेळ लक्षात ठेवा, डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.

अशा वेळी तोंडात पाणी, मध, कांद्याचा रस, कसलाही काढा घालू नका. गिळण्याची शक्ती गेलेली असेल तर ते श्वासनळीत जाते. पुढेही पाणी पिताना ठसका लागणे, जेवल्यावर आवाज ओलसर होणे, वारंवार ताप येणे अशी लक्षणे दिसली तर सांगा. गिळण्याचे शिक्षण देण्याचे कामही वाचा उपचार तज्ज्ञच करतात. रुग्णाला आडवे ठेवून कधी भरवू नका. ताठ बसवून, लहान घास, घाई न करता.

तोतरेपणा, बसलेला आवाज आणि तंबाखू

वाचा उपचार केवळ लकव्याच्या माणसासाठी नाही. आपल्या गावात अडखळत बोलणारी तरणी मुले असतात. बँकेच्या खिडकीशी, आडतीवर, मुलगी पाहायला गेल्यावर त्यांची जीभ अडते आणि लोक हसतात. जगात साधारण शंभरात एक माणूस असा असतो आणि मोठेपणी स्त्रियांपेक्षा पुरुषांत हे प्रमाण बरेच अधिक असते. हा भित्रेपणा नव्हे, बुद्धीचा दोषही नव्हे. इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज यांनी १९२६ साली, वयाच्या तिशीनंतर, लायोनेल लोग या शिक्षकाकडून असेच धडे घेतले होते आणि पुढे युद्धकाळात रेडिओवरून भाषणे केली. श्वास सांभाळणे, पहिला स्वर हलकेच उचलणे, अडणारे शब्द न टाळणे हे सरावाने जमते. घरच्यांनी "नीट बोल, घाई करू नको" असे दर वेळी टोकणे मात्र सोडावे.

आवाजाचे दुखणे तर आपल्या भागात घरोघर आहे. कीर्तनकार, शिक्षक, लिलाव पुकारणारे, मळणीयंत्राच्या आवाजावर ओरडणारे शेतकरी, या शेतातून त्या शेतात हाक देणाऱ्या बायका. सतत ताणून बोलल्याने स्वरतंतूंवर लहान गाठी येतात, आवाज घोगरा होतो. पुष्कळांना शस्त्रक्रियेवाचून, नुसत्या आवाजाच्या शिक्षणाने गुण येतो. भरपूर पाणी प्या, मळणीच्या धुळीत तोंडाला फडके बांधा, घसा बसला असता कुजबुजूनही बोलू नका, चक्क गप्प राहा.

मात्र तीन आठवड्यांपेक्षा अधिक काळ आवाज बसलेला राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवाच. बिडी-तंबाखूवाल्यांनी तर एक दिवसही पुढे ढकलू नये. आपल्या राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी २०१६-१७च्या सरकारी पाहणीत दर चार प्रौढांमागे साधारण एक जण तंबाखूच्या आहारी असल्याचे दिसले. सुपारी-गुटख्याने तोंड आखडते, उघडत नाही, शब्द स्पष्ट येत नाहीत, आणि पुढे कर्करोगाची भीती. कर्करोगाने स्वरयंत्र काढावे लागले तरी बोलणे कायमचे संपत नाही. अन्ननलिकेतून आवाज काढण्याची कला शिकता येते, मानेला लावायचे यंत्र मिळते, किंवा शस्त्रक्रियेने लहान झडप बसवता येते. हे सारे शिकवणारे तेच तज्ज्ञ.

वृद्धापकाळी कंपवातात आवाज क्षीण होतो, त्यावरही मोठ्याने बोलण्याचा खास सराव आहे. आणि म्हातारे माणूस बोलेनासे झाले, तर आधी कानाची तपासणी करा. कित्येकदा ऐकू येत नाही म्हणूनच माणूस गप्प झालेला असतो.

कुठे जावे?

नांदेडकरांनी विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आणि लातूरकरांनी विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत कान-नाक-घसा विभागात जाऊन वाचा उपचाराची चौकशी करावी. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही लातूर जिल्ह्यातल्या पुष्कळ गावांना जवळ आहे. या विद्येच्या मोठ्या संस्था म्हणजे म्हैसूर येथे १९६५ साली स्थापन झालेली अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आणि मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली निघालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था. हल्ली मोबाइलवरून, समोरासमोर दिसत, सराव करून घेणारे तज्ज्ञही आहेत. आठवड्याला नांदेड-लातूरची फेरी परवडत नसेल त्यांनी हे जरूर विचारावे.

एक सावधगिरी बाळगा. "आठ दिवसांत बोलतं करतो" म्हणून पैसे उकळणाऱ्यांच्या नादी लागू नका. तज्ज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारण्यात लाज नाही. बियाण्याच्या पिशवीवरची खूण आपण पाहतोच ना?

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारची अपंगत्वे धरली आहेत, त्यांत वाचा आणि भाषेचे अपंगत्वही आहे. वाचाघात किंवा स्वरयंत्र काढल्यामुळे आलेला कायमचा दोष त्यात बसतो. जिल्हा रुग्णालयातून तपासणी करून प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळते. अपंगत्व चाळीस टक्के किंवा अधिक ठरले तर काही सवलतींसाठी अर्ज करता येतो. गावातल्या आशाताईंना विचारा, त्या वाट दाखवतील.

आता दादांचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो.

पुढच्या जूनमध्ये पहिली सर आली. शेजारच्या रानात तिफणी चालू झाल्या. पुतण्याने विचारले, "अप्पा, पेरावं का?" आणि लगेच दुसरा प्रश्न विचारला, "का थांबावं?" दादांनी ढेकूळ उचलले, फोडले, आत कोरडी माती दाखवली. कपाळाला आठ्या पडल्या. ओठ दोन-तीनदा हलले. वहिनींनी पहिले अक्षर दाखवले नाही, फक्त वाट पाहिली. मग शब्द आले. "ओल… नाही. थांब." पुतण्या थांबला. दहा दिवसांनी चांगला पाऊस झाला, तेव्हा पेरणी झाली. त्या वर्षी दुबार बी आणावे लागले नाही.

त्याच सुमारास एका संध्याकाळी मी आणि दादा ओसरीवर बसलो होतो. गोठ्यात आता एक म्हैस असते. दादा बराच वेळ तिकडे पाहत होते. मग माझ्याकडे वळून, एकेक शब्द उचलत म्हणाले, "बैल… विकू… नको… म्हणलो… मी."

बैल जाऊन तेव्हा दीड वर्ष झाले होते. मी म्हणालो, "दादा, चुकलं माझं." त्यावर ते म्हणाले, "बरं." आणि या वेळी मानही होकारार्थी हलली.

तुमच्या ओसरीवर असे कुणी गप्प बसलेले असेल, तर आज दिवेलागणीला त्यांच्या समोर जाऊन बसा. एक साधा प्रश्न विचारा आणि उत्तराची वाट पाहा.